आपोआप विझणारा फ्लॅश

घरातल्या कपाटात आजोबांचा रेंजफाइंडर कॅमेरा सापडला, आता त्याला फ्लॅश कोणता घ्यावा, असा प्रश्न मला अधूनमधून विचारला जातो. दुकानदार बहुधा सर्वांत मोठ्या गाईड नंबरचा फ्लॅश पुढे करतो. माझे मत निराळे आहे.

गाईड नंबर म्हणजे अंतर आणि छिद्राचा एफ-अंक यांचा गुणाकार. समजा, १०० आयएसओच्या फिल्मला तो २० आहे. माणूस ५ मीटरवर असेल तर २० भागिले ५, म्हणजे एफ ४. तो २.५ मीटरवर आला तर एफ ८. अंतर निम्मे झाले की प्रकाश चौपट पडतो आणि एफ ८ चे छिद्र एफ ४ च्या चौथाई प्रकाश आत घेते. तुमच्या पुस्तकातला व्यस्त वर्गाचा नियम तो हाच! रेंजफाइंडरमध्ये दोन प्रतिमा एकावर एक आणल्या की अंतर भिंगाच्या कड्यावर वाचता येते. उरतो फक्त भागाकार.

परंतु लग्नमंडपात भागाकार करायला सवड कोणाला? तेथे स्वयंचलित फ्लॅश कामी येतो. फ्लॅश सांगेल ते छिद्र भिंगावर लावायचे. पुढचे काम फ्लॅशच्या दर्शनी बाजूचा प्रकाशसंवेदक करतो. २ मीटरवरच्या माणसापर्यंत जाऊन परत यायला प्रकाशाला सुमारे १३ अब्जांश सेकंद लागतात. परतलेला प्रकाश पुरेसा जमला की थायरिस्टर नळीचा प्रवाह तोडतो आणि उरलेला विद्युतभार पुढच्या चित्रासाठी धारित्रात शिल्लक राहतो. यात कॅमेऱ्याला काही कळावे लागत नाही, म्हणूनच जुन्या कॅमेऱ्याशी याची जोडी चांगली जमते.

संवेदक फसतो मात्र. स्नेहसंमेलनात काळ्या पडद्यापुढे उभ्या असलेल्या मुलीचा चेहरा माझ्या चित्रात पांढराफटक आला होता. पडद्यावरून प्रकाश परतेना, म्हणून फ्लॅश जळतच राहिला. पांढऱ्या भिंतीपुढे नेमके उलटे होते. अशा वेळी भागाकारच खरा. तेव्हा ज्याला हाताने चालवण्याची सोय नाही, तो फ्लॅश घेऊच नका.

स्वयंचलित छिद्रे निदान दोन असावीत. डोके छताकडे वळवले तरी संवेदक समोरच पाहत राहील, अशी रचना असल्यास उत्तम. गाईड नंबर २० असला तरी वर्गखोलीला पुरतो.

शटरही पाहा. पाकळ्यांचे असेल तर फ्लॅश कोणत्याही वेगाला चालतो. लायका एम३ सारखे पडद्याचे असेल तर १/५० सेकंदापलीकडे जाऊ नका, अर्धी फिल्म कोरी राहील. काही जुन्या फ्लॅशच्या जोडटोकांवर २०० व्होल्टहून अधिक दाब असतो. असा फ्लॅश आजच्या डिजिटल कॅमेऱ्यावर चढवू नका. आधी शिक्षकांकडून मल्टिमीटरने मोजून घ्या.

आणि फ्लॅश बिघडला तर कुतूहलाने उघडायला जाऊ नका. सेल काढले तरी धारित्रात सुमारे ३०० व्होल्ट टिकून असू शकतात.