युरिया एकच, भाव दोन: स्वस्त खताची खरी किंमत कोण मोजतं?

सोलापूरची अक्कलकोट रोड एमआयडीसी टॉवेल आणि चादरींसाठी ओळखली जाते, तर जिल्हा उसासाठी. या दोन्ही धंद्यांत एक गोष्ट समान असू शकते, ती म्हणजे युरिया. शेतात तो खत म्हणून पडतो. वस्त्रोद्योगात रिॲक्टिव्ह रंगांची छपाई करताना रंग नीट विरघळावा आणि ओलावा टिकावा म्हणून तो वापरतात.

फरक कशात आहे?

भावात. शेतकऱ्याला 45 किलोची गोणी साधारण 266 रुपयांना मिळते, म्हणजे किलोला सहा रुपयांच्याही आत. खरा खर्च याच्या कित्येक पट आहे. वरचे पैसे केंद्र सरकार भरतं. उद्योगांनी मात्र विनाअनुदानित युरिया घ्यायचा असतो. शेतीचं खत परवानगीशिवाय दुसऱ्या कामाला वापरायला खत नियंत्रण आदेश, 1985 नुसार मनाई आहे. तरीही भावातली ही तफावत काळ्या बाजाराला वाट करून देते.

कडुनिंबाचा लेप कशासाठी?

2015 मध्ये सगळ्या अनुदानित युरियाला कडुनिंबाचा लेप सक्तीचा झाला. त्यामुळे तो कारखान्यात वापरणं अवघड व्हावं आणि शेतात नायट्रोजन हळूहळू मिळावा, असे दोन हेतू होते.

मग अडलं कुठे?

2010 मध्ये अनुदान पोषणद्रव्यांनुसार ठरू लागलं, पण युरियाला त्यातून वगळलं. स्फुरद-पालाशाची खतं महागली, युरिया स्वस्तच राहिला. साहजिकच शेतकऱ्याचा हात युरियाकडे जातो.

नुकसान कोणाचं?

पिकाने न घेतलेला नायट्रोजन नायट्रेट होऊन पाण्यासोबत विहिरी-बोअरमध्ये उतरतो. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम आहे. काही भाग नायट्रस ऑक्साइड बनून हवेत जातो. हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 273 पट तापमानवाढ करतो.

सरकार काय करतंय?

2023 च्या 'पीएम-प्रणाम' योजनेत रासायनिक खतांचा वापर घटवणाऱ्या राज्याला वाचलेल्या अनुदानातला निम्मा वाटा मिळतो. पण हे बक्षीस राज्याला आहे. कृषी सेवा केंद्रात उभ्या असलेल्या शेतकऱ्याला दिसतो तो गोणीवरचा भाव, आणि तो बदललेला नाही. लेप आणि छाप्यांमुळे चोरी कमी होईल, पण जादा युरिया टाकायची सवय मोडायची तर खतांच्या भावातला असमतोल आधी दूर करावा लागेल.