क-वर्ग घशात होत नाही

मराठी भाषा गौरव दिनाच्या भाषणांत एक दावा हमखास ऐकू येतो: जगातल्या कुठल्याही भाषेतला कुठलाही ध्वनी देवनागरीत लिहिता येतो. हे खरे नाही. कराडच्या माणसाला ते पडताळायला लांब जायला नको. गावातले मशिदीचे मनोरे आदिलशाहीतले आहेत. विजापूरच्या अली आदिलशहाचे नाव घ्या. 'अली' आणि 'आदिल' हे दोन्ही अरबी शब्द ऐन या एकाच व्यंजनाने सुरू होतात. आपण एकीकडे अ लिहितो, दुसरीकडे आ. व्यंजन उरतच नाही.

ऐन म्हणताना जिभेचे मूळ मागे सरते, घसा आवळतो आणि आवाज त्या अरुंद वाटेतून घोषासह येतो. 'अहमद'मधला अरबी ह हा त्याचा अघोष जोडीदार. सोमाली, चेचेन, येमेनी ज्यूंची हिब्रू यांतही असे ध्वनी आहेत. ध्वनिशास्त्रज्ञ इयन मॅडिसन यांनी साडेपाचशेहून अधिक भाषा तपासल्या, तेव्हा ते सुमारे चार टक्के भाषांतच सापडले.

यावर उत्तर येते, 'आमच्याकडे कंठ्य वर्ण आहेतच की!' क म्हणून पाहावे. जिभेची मागची बाजू मऊ टाळूला टेकते, घसा मोकळाच राहतो. ऋक्प्रातिशाख्य या उच्चारशास्त्रावरील प्राचीन ग्रंथानेही क-वर्गाचे स्थान जिह्वामूल सांगितले आहे. म्हणजे 'कंठ्य' या नावावर प्राचीनांचेही एकमत नव्हते. दुसरे उत्तर नुक्त्याचे: अ खाली टिंब देऊन ऐन लिहावा. पण 'जमा'च्या मूळ अरबी रूपात ऐन शब्दाच्या शेवटी, स्वराविना येतो. अ खाली टिंब दिले तरी तो स्वरच. त्याचा पाय मोडणार कसा?

मराठीने हे उच्चार बिघडवले, हा उलट आरोपही मला मान्य नाही. अर्ज, तालुका, मामलेदार हे मुळात ऐन असलेले शब्द फारसीमार्फत आले आणि फारसी बोलणाऱ्यांच्या तोंडीच घशातला ऐन उरला नव्हता. मराठीने कानावर पडले ते घेतले.

आपल्या वर्णमालेचे थोरपण तिच्या रचनेत आहे. स्थान, प्रयत्न, घोष या कसोट्यांवर आपल्या पूर्वसूरींनी ध्वनी लावले, क-वर्गापासून ओठांवरच्या प-वर्गापर्यंत. त्याच कसोट्यांवर ऐनचेही नेमके वर्णन करता येते, चिन्ह असो वा नसो. 'चार' आणि 'चाक' यांतले दोन वेगळे च आपण एकाच अक्षरात लिहितो, हेही त्याच कसोटीवर उघड होते. म्हणून शाळेत मुळाक्षरे पाठ करून घेताना प्रत्येक अक्षराचा उच्चार कुठे होतो, ते मुलांना स्वतःच्या तोंडात शोधायला लावावे. अली आणि अहमद नावाची मुलेही याच वर्गात बसतात. त्यांच्या नावांतला मूळ ध्वनीही त्याच तासाला सांगावा.