पुन्हा उभा राहतोय, पण तोलाईचं आधीच सांगून

कांद्याच्या करप्यावर लिहायचं होतं, दोघातिघांनी पातीचे फोटो पाठवलेत. ते उद्या बघू. आज विषय वेगळा आहे.

हमाल-मापारी युनियनच्या आमच्या विभागाची निवडणूक पुढच्या महिन्यात आहे. चिटणीसपदाची माझी तीन वर्षं संपली, मी परत फॉर्म भरतोय. या पेजवर बहुतेक शेतकरी, काही कृषी खात्यातले साहेब लोक. तुम्हाला या निवडणुकीत मत नाही. पण कपात तुमच्या पट्टीवर होते, म्हणून जे सभेत बोलणार तेच इथं लिहितोय.

हिशोबपट्टी काढून बघा. हमाली, तोलाई, वाराई. कांदा गोणीत यायचा तेव्हा गोणी उतरवा, काट्यावर चढवा, थप्पी लावा, असं पाठ मोडायचं काम होतं. दर त्या कामाचा होता. आता निफाड-चांदवड-येवल्याकडं माल मोकळा येतो, ट्रॅक्टरमध्ये नाहीतर पिकअपमध्ये. लिलाव गाडीतच होतो. वजन भुईकाट्यावर, भरलेली गाडी एकदा, रिकामी एकदा. मग शेतकरी विचारतो, माझ्या मालाला हात कुणी लावला? प्रश्न रास्त आहे. माझाही दोन एकर कांदा असतो आणि माझ्याही पट्टीत ती ओळ असते.

एप्रिल 2024 आठवतो ना? व्यापारी म्हणाले, हमाली-तोलाई-वाराई आम्ही पट्टीतून कापणार नाही. हमाल-मापारी म्हणाले, मग आम्ही काम करणार नाही. नाशिक जिल्ह्यातले लिलाव बंद पडले. उन्हाळ कांदा निघायला लागलेला, वर डिसेंबर 2023 पासून निर्यातबंदी. भांडण दोघांचं आणि माल तिसऱ्याचा.

भांडणाच्या मुळाशी लेव्ही होती. लेव्ही म्हणजे काय ते बऱ्याच शेतकऱ्यांना माहीत नसतं, त्यात त्यांचा दोष नाही, कुणी सांगतच नाही. हमालाला कायमचा मालक नसतो. आज या गाळ्यावर, उद्या त्या. म्हणून 1969 चा माथाडी कायदा आला. मालकानं मजुरी मंडळात भरायची, वर ठराविक टक्के लेव्ही भरायची, आणि त्यातून हमालाचा फंड, ग्रॅच्युइटी, बोनस, दवाखाना चालायचा. मुंबईत अण्णासाहेब पाटील आणि पुण्यात बाबा आढाव यांनी हयात घालवली तेव्हा हमाल माणसात धरला गेला. ती लेव्ही मालकाच्या खिशातून जायची आहे, शेतकऱ्याच्या पट्टीतून नाही.

माझं म्हणणं असं. जिथं भुईकाट्यावर वजन होतं तिथली तोलाई आपण सोडून द्यावी. न केलेल्या कामाचे पैसे घेत राहिलो तर उद्या खऱ्या कामाचे मागताना कुणी ऐकणार नाही. आणि खरं काम कुठं गेलंय? व्यापाऱ्याच्या खळ्यावर. कांदा निवडणं, गोणी भरणं, शिवणं, ट्रक लोड करणं. आमच्या भागात खळ्यावर दिवसभर उन्हात निवडणाऱ्या बायांपैकी एकीचंही नाव युनियनच्या रजिस्टरात नाही. लेव्ही तिथल्या प्रत्येक मजुरीवर बसली पाहिजे. येत्या तीन वर्षांत मला हे करायचंय.

यावर समोरचे उमेदवार म्हणतात, हा शेतकऱ्यांचा माणूस आहे, आपल्यात घुसलाय. अरे, आपल्यातला निम्मा हमाल कोण आहे? कोरडवाहू दोन-तीन एकरवालाच ना? पाऊस गेला म्हणून पाठीवर गोणी आली.

एक मुद्दा मात्र त्यांचा खरा आहे. पन्नाशी ओलांडलेल्या मापाऱ्यानं तोलाई सोडून खायचं काय? तो खळ्यावर ट्रक भरू शकत नाही. त्याला भुईकाट्यावर बसवा, पगार समितीनं द्यावा, हे मी मांडतोय. समिती सहजासहजी मानणार नाही. मानेपर्यंत त्या मापाऱ्यांची तोलाई बंद करू नये, असंही माझं मत आहे. इथं काही शेतकरी माझ्यावर चिडतील. चिडा, पण लायसन असलेला माणूस एका रात्रीत उघड्यावर टाकता येत नाही.

आता तुमचं काम. बाजार समितीत 18 संचालक. 11 सोसायट्यांमधून, 4 ग्रामपंचायतींमधून, 2 व्यापाऱ्यांचे, हमाल-मापाऱ्यांचा एक. म्हणजे 15 जण तुमच्या गावातून गेलेत. भुईकाटा कुणी चालवायचा, खळ्यावरची लेव्ही कोण वसूल करणार, हे त्यांना विचारा. आमचा एकटा तिथं किती ओरडणार?

सभेला आठ दिवस आहेत. गेल्या हंगामाच्या पट्ट्या ज्यांच्याकडं असतील त्यांनी हमाली-तोलाईच्या ओळीचा फोटो मेसेजमध्ये टाका. नाव आणि आडत्याचा शिक्का झाकून. मोकळा माल होता की गोणीत, तेवढं खाली लिहा.