आत्याबाईंच्या घरून चवदार तळ्याला



यंदा मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही उभयतां आणि तीन मुले महाड तालुक्यात आत्याबाईंकडे चार दिवस राहिलो. तळीयेच्या बाजूची वाडी, मागे डोंगर. २२ जुलै २०२१ रोजी तळीयेत दरड कोसळली, ऐंशीहून अधिक माणसे गेली. तेव्हापासून पावसाने झड धरली की आत्याबाई रात्रभर अंथरुणावर बसून असतात. तेव्हा जाणाऱ्यांनी पावसाळ्यापूर्वीच जावे.

पहिल्या दिवशी रोपवेने रायगड केला. डिसेंबर १९२७ च्या महाड परिषदेनंतर बाबासाहेबही गडावर गेले होते, हे मुलांना तिथेच सांगितले.

दुसरा दिवस गांधारपाले लेण्यांचा. मुंबई-गोवा महामार्गालगतच चढण लागते. ऊन तापायच्या आत जावे, पाणी बरोबर न्यावे. येथे कुमार काणभोज विष्णुपालिताचा शिलालेख आहे. लेणे, चैत्यगृह, भिक्खूंसाठी आठ खोल्या यांबरोबर दोन्ही बाजूंच्या पाण्याच्या पोढींचे दानही त्यात नोंदले आहे. पाणी देणे हेही धम्मदानच, असे आम्ही मुलांना मोठ्या तोऱ्यात समजावले.

तो तोरा तिसऱ्या पहाटे उतरला. जाग आली तो आत्याबाई डोक्यावर हंडा घेऊन अंगणात शिरत होत्या. ती तिसरी खेप! एरवी दोन खेपांत भागते. आमची पाच माणसे आणि शहरातल्या बादलीभर आंघोळी! "सांगितलं का नाही?" म्हटले, तर म्हणाल्या, "पाव्हण्यांना पाणी मोजून द्यायचं का रे?" त्या दिवशी कोठेच गेलो नाही. पोरांनी संध्याकाळच्या खेपा केल्या. सांडले पुष्कळ, पोचले थोडे.

चौथ्या दिवशी आत्याबाईंनाच घेऊन महाडला निघालो. इतक्या जवळ राहून चवदार तळे त्यांनी एकदाच पाहिलेले, तेही २० मार्चच्या गर्दीत. पाणी दिसलेच नव्हते. त्या काठाच्या पायरीवर निवांत बसल्या. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी हजारोंसह येथे ओंजळ भरली. त्यानंतर सनातन्यांनी शेण, गोमूत्र, दूध, दह्याच्या १०८ घागरी ओतून तळे 'शुद्ध' केले. कोर्टाचा निकाल १७ मार्च १९३७ ला लागला, दहा वर्षांनी.

"एवढं मोठं तळं, आपण प्यायल्याने संपणार होतं का?" धाकटीने विचारले.

"पाणी नव्हतं संपणार, बाय. त्यांचा मोठेपणा संपणार होता," आत्याबाई म्हणाल्या.

सवची गरम पाण्याची कुंडे राहिली. मुले हट्टाला पेटली होती, पण आत्याबाई उठून स्टँडकडे चालूसुद्धा लागल्या. घरी हंडे रिकामे होते.