जहाजावरचा पगार : आधी भागाकार करा

पालकहो आणि शिक्षक मित्रमैत्रिणींनो, कोकणातली, गोव्यातली कितीतरी मुलं क्रूझ जहाजांवर नोकरीला जातात. घरात चर्चा एकच, "डॉलर किती?" माझ्या मते हा प्रश्न अर्धाच आहे.

एक उदाहरण सोडवू. समजा पगार महिना ९०० डॉलर, काम रोज १० तास. रविवारची सुट्टी सहसा नसतेच. ३० दिवसांचे झाले ३०० तास, म्हणजे ताशी ३ डॉलर! करार ८ महिन्यांचा आणि घरी आल्यावर पगार बंद असेल, तर ७२०० भागिले १२, महिन्याला ६०० डॉलरच. जेवण-राहणं फुकट, हे खरं. पण आजारी आईबाबांना बघायला मधेच येता येत नाही, ते कुठे मांडायचं?

शिवाय जहाज अमेरिकेतून सुटलं तरी झेंडा बऱ्याचदा बहामा किंवा पनामाचा असतो आणि कायदाही मुख्यतः त्याच देशाचा लागतो.

तरी काही हक्क आहेतच. २००६ चा सागरी श्रम करार भारताने २०१५ मध्ये मान्य केला. त्यानुसार २४ तासांत किमान १० तास विश्रांती मिळायला हवी आणि नोकरी लावण्यासाठी एजंटला उमेदवाराकडून पैसे घेता येत नाहीत. एजंटकडे नौवहन महासंचालनालयाचा परवाना आहे का, हेही तपासा.

कष्टाला माझा विरोध नाही. पण भागाकार आपण वर्गात शिकवतोच ना? मग सही करण्याआधी करारपत्र वाचायलाही मुलांना आपणच शिकवूया.