आरोग्याची शिदोरी : न दिसणारे दुखणे

खडकवासल्याच्या धरणाकाठच्या आमच्या नात्यातल्या एक वहिनी भातलावणीच्या दिवसांत बांधावरून घसरल्या आणि उजवे मनगट मोडले. प्लास्टर झाले, दीड महिन्याने निघाले, हाडही छान जुळले. पण हात काही बरा होईना. सारखी आग आग होई. पदर लागला तरी जीव कळवळे. कधी हात लालबुंद होऊन सुजे, कधी निळसर पडे. फोटोत सारे ठीक, म्हणून घरात कुजबुज सुरू झाली. सासूबाई म्हणाल्या, "हाड जुळलंय, मग दुखतंय कशानं? कामाचा कंटाळा आलाय, दुसरं काय!"

मंडळी, हा कंटाळा नव्हता. या आजाराला नाव आहे : कॉम्प्लेक्स रीजनल पेन सिंड्रोम. अमेरिकेतल्या १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धात गोळी लागलेल्या शिपायांना जखम भरल्यावरही अशीच आग होई. ते हातावर ओले फडके ठेवून बसत. डॉक्टर वाइर मिचेल यांनी हे दुखणे तेव्हाच नोंदवून ठेवले. आज हा आजार मनगट मोडल्यानंतर पुष्कळदा आढळतो, आणि पुरुषांपेक्षा बायकांत जास्त.

यात होते काय? कातडीखालच्या बारीक रक्तवाहिन्या केव्हा उघडायच्या, केव्हा आवळायच्या, हे नसा ठरवतात. मार लागल्यावर कधी कधी हा कारभार बिघडतो. वाहिन्या फार उघडल्या की हात गरम, आवळल्या की गार. बहुधा सुरुवातीला गरम आणि पुढे गार असा क्रम असतो.

हा फरक टिपायला उष्णतेची छायाचित्रे घेणारा कॅमेरा असतो, त्याला थर्मल कॅमेरा म्हणतात. १८०० साली विल्यम हर्शेल यांनी लोलकातून सूर्यप्रकाश पाडला आणि तांबड्या रंगाच्या पलीकडे, जिथे डोळ्यांना काहीच दिसत नव्हते, तिथे थर्मामीटर ठेवला. पारा चढला! त्या न दिसणाऱ्या किरणांना अवरक्त किरण म्हणतात. आपल्या अंगातूनही ते सतत बाहेर पडतात. हा कॅमेरा एक्स-रेसारखा अंगात काही सोडत नाही, बाहेर पडणारी उष्णता तेवढी टिपतो. विजेच्या उपकेंद्रात तापलेला सांधा शोधायलाही असाच कॅमेरा वापरतात.

तपासणीला जाताना मात्र पथ्य पाळावे. आधी चहा, बिडी, तंबाखू नको. तेल-मलम चोळू नये. उन्हातून आल्याबरोबर तपासणी होत नाही. हातपाय उघडे ठेवून पंधरा-वीस मिनिटे एका तापमानाच्या खोलीत बसवतात. मग दोन्ही हातांची चित्रे शेजारी शेजारी पाहतात. दोन्हींत १ अंश सेल्सिअसपेक्षा जास्त फरक असला, तर ती एक खूण धरतात.

एक खूणच, हे ध्यानात ठेवा. कॅमेरा कातडीची उष्णता दाखवतो, वेदना दाखवत नाही. फरक दिसला नाही म्हणून माणूस खोटा ठरत नाही. सूज, रंग, घाम, हालचाल हे सारे पाहूनच डॉक्टर निदान करतात. तेव्हा यंत्रासाठी कर्ज काढून शहर गाठण्याची गरज नाही.

घरी एवढे करा. सावलीत थोडे बसवून आपल्या तळहाताची पाठ दुखणाऱ्याच्या दोन्ही हातांना लावून पाहा. ऊब वेगळी लागली, सूज असली, आग होत असली, तर हाडाच्या डॉक्टरांना दाखवा. हात गळ्यात बांधून ठेवू नका. त्यांनी शिकवलेली हालचाल थोडी थोडी, रोज करावी. चोळणाऱ्याकडे नेऊन जोराने ओढूताण करू नये. उपचार लवकर सुरू झाले तर गुण येण्याची आशा जास्त.

पायाचे मात्र निराळे. एकच पोटरी एकाएकी सुजून गरम झाली, किंवा पाय अचानक पांढरा, गार पडला, तर त्याच दिवशी इस्पितळ गाठा. बिडी ओढणाऱ्याचा पाय गार राहतो आणि चालताना पोटरी भरून येते, तर रक्तवाहिनी तपासून घ्या. बिडी त्याच दिवशी सोडा.

वहिनींचे पुढे काय झाले? डॉक्टरांनी कॅमेरा आणलाच नाही. त्यांनी सासूबाईंनाच पुढे बोलावले आणि म्हणाले, "आजी, दोन्ही हातांना हात लावून बघा." आजींनी आधी डावा पाहिला, मग हलकेच उजवा. चुलीवरून उतरलेल्या भांड्याला लागावा तसा चटकन हात मागे घेतला. काही बोलल्या नाहीत. पण दुसऱ्या दिवसापासून धुण्याची बादली त्यांनी स्वतः उचलली, आणि रोज सांजेला सुनेची बोटे हलवून घेण्याचे कामही अंगावर घेतले.

वर्षभराने वहिनी पुन्हा भाकरी थापू लागल्या. हात अजून थंडीत कुरकुरतो. पण आता घरात कोणी त्याला कंटाळा म्हणत नाही.