ओंजळभर तांदूळ

पारंपरिक बंगाली लग्नात वर घरून निघताना आईला सांगतो, ‘तुझ्यासाठी दासी आणायला चाललो आहे.’ (गमतीने म्हणायचे असते म्हणे!) आणि वधू? पाठवणीच्या वेळी ती पाठमोरी उभी राहून ओंजळभर तांदूळ डोक्यावरून मागे टाकते, आई ते पदरात झेलते. हीच कनकांजली. तेव्हा ‘तुमचे ऋण फेडले’ असे वधूने म्हणायचे. मुलीचे लग्न आईने पाहू नये, अशीही तिथे रूढी आहे. म्हणजे आईच्या वाट्याला येते ते हेच वाक्य. २०१९ मध्ये गाजलेल्या एका चित्रफितीतील वधूने मात्र तांदूळ टाकता टाकता सर्वांसमोर सांगून टाकले, आईवडिलांचे ऋण फिटत नसते. कोलकात्यातील पुरोहित नंदिनी भौमिक तर कन्यादानाशिवायच लग्ने लावतात.